शेवटचं पान सोडून

१

रविवारी सकाळी बाई चहाचा दुसरा कप घेऊन खुर्चीत टेकतात न टेकतात तोच दारावरची घंटा वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. एका हातात पेपरची पुरवणी, दुसऱ्या हातात नवंकोरं पुस्तक, आणि चेहरा असा की दिवसाढवळ्या कुणी घर फोडलंय.

"दुसरं कुणी असतं तर चार शब्द सुनावले असते," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही, बाई? तुम्ही?"

"अहो, झालं तरी काय?"

"मलाच विचारा! दुकानातली पहिली प्रत मी उचलली. निम्मं पुस्तक झालंय. तो माळी वाईट की ती सावत्र बहीण वाईट, जीव टांगणीला लागलाय. सकाळी तुमचं सदर उघडते तर काय, खुनी कोण ते सांगून तुम्ही मोकळ्या! आता या पुस्तकाची मी उशी करू?"

बाईंना वाटलं, चेष्टा असेल. "मी खुनी सांगितला? एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, काकू."

"मग उगवलाय आज," असं म्हणून काकूंनी पुरवणी त्यांच्या हातात कोंबली आणि पायऱ्या आपटत वर निघून गेल्या.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळा सुटून किती वर्षं लोटली, तरी दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नाही. रहस्यकथा आणि प्रेमाच्या रहस्यकथा यांच्यावर त्या दर रविवारी पुरवणीत लिहायच्या. सदराचं नाव 'शेवटचं पान सोडून'. नावातच शपथ होती. पुस्तकातलं काहीही बोलू, शेवट सोडून. ती शपथ त्यांनी आजवर पाळली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. सख्ख्या बहिणीने आजारपणात विचारलं, "मला वाचवत नाही गं, निदान खुनी तरी सांग," तर बाईंनी तिला सगळं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, पण शेवट आधी सांगितला नाही.

मतं मात्र रोखठोक. खुनी कुणीही असो, तो पहिल्या काही प्रकरणांतच वाचकासमोरून गेला पाहिजे, आणि जमल्यास नमस्कार करून. नायिका वीज गेल्यावर मेणबत्ती घेऊन एकटी तळघरात उतरली की बाई लिहायच्या, 'मुली, तुझ्या आईने तुला काहीच शिकवलं नाही का?' आणि त्यांचं आवडतं मत हे, की प्रेमाच्या रहस्यकथेत कोडी दोन असतात. खून कुणी केला, हे एक. या माणसावर विश्वास टाकावा का, हे दुसरं. पहिलं सुटलं आणि दुसरं राहिलं तर उदाहरण अर्धं सुटलं, मार्क अर्धेच.

त्यांनी चष्मा लावला. सदर त्यांचंच होतं, शब्द न् शब्द ओळखीचा. शेवटच्या परिच्छेदाशी आल्या आणि हातातला कप बशीवर कलला.

'डॉक्टरच्या हातात बेड्या पडतात तेव्हा खुनाचं कोडं सुटतं; पण नायिका खिडकीशी एकटीच उभी राहते आणि तिथेच पुस्तक संपतं. वकिलाचं आणि तिचं पुढे काय झालं हे सांगायला लेखिका विसरली; जीव लावून बसलेल्या वाचकाला असं वाऱ्यावर सोडू नये.'

ही वाक्यं त्यांची नव्हती. त्यातले अर्धविराम तर त्यांचे नव्हतेच नव्हते. धड थांबायचं नाही आणि धड चालायचं नाही, असलं चिन्ह बाईंनी जन्मात वापरलं नव्हतं.

त्या पुन्हा वाचतायत तोवर फोन वाजला. पलीकडे कादंबरीची लेखिका होती. पहिलंच पुस्तक, आवाज रडवेला.

"बाई, खरं सांगा. तुम्ही माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंच नाहीत ना?"

२

काकूंच्या बोलण्याने राग आला होता. या प्रश्नाने बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

कारण लेखिकेचं म्हणणं बरोबर होतं. डॉक्टरला बेड्या पडतात हे खरं. नायिका खिडकीशी उभी राहते हेही खरं. पण तिथे पुस्तक संपत नाही. त्यानंतर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात सगळं उलटंपालटं होतं, खरा खुनी हाती लागतो आणि वकिलाच्या मामल्याचाही निकाल लागतो. डॉक्टर म्हणजे नुसता चोर सोडून संन्याशाला सुळी.

"मुली, मी तुझं पुस्तक दोनदा वाचलंय," बाई म्हणाल्या. "ती वाक्यं माझी नाहीत. कुणाची ते अजून मला माहीत नाही. पण शोधून काढीन."

"लोक मला फोन करतायत. ज्यांनी वाचलं नाही ते म्हणतायत, बाईंनी मजा घालवली. ज्यांनी पुरं केलंय ते म्हणतायत, बाई पुस्तकं वाचतच नाहीत, चाळतात."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बरं, खुलासा करावा तर तोही धड करता येईना. 'छापलेला शेवट चुकीचा आहे' असं म्हटलं की डॉक्टर सुटला, म्हणजे एक संशयित कमी झाला. अर्धा शेवट त्यांनी स्वतःच्याच तोंडाने सांगितल्यासारखं. स्वतःची अब्रू वाचवायला शपथ मोडायची? ते होणे नाही.

दुपारी पुरवणीच्या संपादकाचा फोन आला. पोरगेलासा माणूस, बोलणं घाईचं.

"बाई, मालक भडकलेत. पुढच्या रविवारपासून ती जागा सरांना द्या म्हणतायत."

सर म्हणजे कॉलेजात साहित्य शिकवणारे, पुरवणीत जाडजूड ग्रंथांवर लिहिणारे.

"ती वाक्यं कुठून आली, ते आधी सांग."

"कुठून म्हणजे? तुमच्याकडूनच! शुक्रवारी दुपारी एक जाहिरात ऐनवेळी लहान झाली, तुमच्या सदराखाली थोडी जागा उरली. मी तुम्हाला फोन केला, अजून दोन वाक्यं द्या म्हणून. तुम्ही झोपला होतात. मग मी बैठकीला गेलो. परत आलो तर पान भरलेलं."

"फोन कुणी उचलला होता?"

"कुणी म्हणजे? तुमच्या सूनबाईंनी."

३

मुलगा फिरतीच्या नोकरीवर, घरी सासू-सून दोघीच. सून इमारतींचे नकाशे काढायची आणि आठवड्यातून एकदा सासूचं हाताने लिहिलेलं सदर टाइप करून ऑफिसला पाठवायची. पाठवलेला मजकूर तिने लगेच दाखवला. त्यात ती वाक्यं नव्हती. पण फोनवरून दोन वाक्यं सांगायला काय लागतं?

बाईंनी वर्गात शंभर वेळा कॉपी पकडली होती, पण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेला विचारताना त्यांची जीभ जड झाली.

"शुक्रवारी दुपारी ऑफिसातून फोन आला होता?"

सुनेच्या हातातला चमचा थांबला. "आला होता. आई, मी विसरले सांगायला. तुमचा डोळा लागला होता, मला साइटवरून बोलावणं आलं आणि ते डोक्यातून गेलंच. सकाळपासून तेच मनाला खातंय. मी सांगितलं असतं तर तुम्ही दोन वाक्यं दिली असतीत आणि हे काहीच झालं नसतं."

"म्हणजे तू काही सांगितलं नाहीस त्याला?"

"मी?" ती वळली. डोळ्यांत आधी गोंधळ, मग कळल्याचा धक्का. "आई, तुम्हाला वाटलं मी..."

शिक्षिकेने करावं तेच बाईंनी केलं, सरळ प्रश्न टाकला. "कादंबरीचा शेवट कसा वाटला तुला?"

सून हसली, जरा रागानेच. "तुमची खूण अजून मधेच होती, तेव्हा मी संपवली. शेवटच्या प्रकरणात तो वकील एकच वाक्य बोलतो ना, ते वाचून मी ऑफिसात तोंड फिरवून डोळे पुसले. आणि सांगू? मला खुनी आधीच कळला होता. ती चपलांची जागा बदललेली असते तिथेच."

चपला! ती मेख बाईंना दुसऱ्या वाचनात सापडली होती. या पोरीला पहिल्याच वाचनात? आणि आपल्याला उमगल्याचं या मुलीने इतके दिवस अवाक्षरानेही सांगितलं नव्हतं, सासूचा रस जाऊ नये म्हणून. बाईंची छाती एकदम भरून आली. घरात असा वाचक वावरतोय आणि आपण त्याच्यावर संशय घेत होतो.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ये, बस इथे. तू हुशार आहेस, मला मदत कर."

दोघी टेबलाशी बसल्या. पुरवणी मधे पसरली.

"हे लिहिणाऱ्याला शेवटचं प्रकरण माहीतच नाही," सून म्हणाली.

"किंवा माहीत असून मुद्दाम खोटं लिहिलंय, मला तोंडघशी पाडायला."

"तेही असेल. पण आई, दुसरं वाक्य बघा. तोंडघशी पाडायचं तर डॉक्टरचं नाव पुरे होतं. वकिलासाठी एवढी हळहळ कशाला?"

बाईंनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शाब्बास. खोटं बोलणारा खुन्याबद्दल खोटं बोलेल, पण प्रेमासाठी खोटं रडणार नाही. हा माणूस मनापासून दुखावलाय."

"मग शेवटचं प्रकरण न वाचताच लिहायला बसला?"

"तेच तर. डॉक्टरला अटक होईपर्यंत जो वाचत आला, तो शेवटचं प्रकरण टाकून उठेल? असा माणूस अजून जन्माला यायचाय." बाई बोलता बोलता थांबल्या. गणितात उत्तर दिसायला लागलं की त्यांच्या भुवया वर जात. त्या आता गेल्या. "तो उठला नाही गं. त्याच्यापुरतं पुस्तक तिथेच संपलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याला आधी माणूस नाही, पुस्तक शोधायचंय. या शहरात एक प्रत अशी आहे, जिला शेवटचं प्रकरणच नाही."

४

सोमवारी बाई ठेवणीतली साडी नेसून वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. वर्षानुवर्षं त्यांचा मजकूर तिथे जात होता, त्या स्वतः पहिल्यांदाच जात होत्या. लांबलचक खोली, ओळीने संगणक, भिंतीला टेकवलेले जुन्या अंकांचे गठ्ठे आणि सगळीकडे कागदाचा कोरडा वास. बाई आल्याचं कळताच माना वळल्या, कुजबुज झाली. बाई ताठ चालत संपादकाच्या टेबलाशी गेल्या.

"शेवट कसा वाटला रे तुला, कादंबरीचा?"

"एकदम जबरदस्त, बाई! अंगावर काटा!"

"कुठला भाग?"

"म्हणजे... सगळाच."

"पाठीवरचा मजकूर वाचलास ना नुसता?"

तो ओशाळला. "वेळ कुठे मिळतो, बाई? प्रकाशकाने ऑफिसला एक प्रत पाठवली होती. टेबलावर होती आठवडाभर. मग कुणीतरी नेली."

"कुणी?"

"देव जाणे. इथून पेनं जातात, छत्र्या जातात, पुस्तकाचं काय घेऊन बसलात?"

पुस्तक न वाचलेल्या माणसाला डॉक्टरच्या बेड्या आणि खिडकी ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाईंनी त्याला मनातल्या मनात सोडून दिलं. "शुक्रवारी तू बैठकीला गेलास तेव्हा खोलीत कोण होतं?"

"बाकीचे जेवायला गेले होते. सर त्यांच्या लेखाचं पान बघायला आले होते. आणि तात्या, आमचे मुद्रितशोधक. मी दोघांनाही विचारलं. सर म्हणाले, मला काय घेणंदेणं. तात्या म्हणाले, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघतो."

सर योगायोगाने तिथेच होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर कसला तरी वजनदार ग्रंथ, त्याला खाकी कव्हर.

"झालं ते वाईट झालं, बाई," सर म्हणाले. "पण असल्या पुस्तकांबद्दल मला मत नाही. मी ती वाचत नाही."

"बरोबर आहे. तुमच्याकडे वेळ कुठला?" बाई समोर बसल्या. "मी सुद्धा वैतागले. शेवटी त्या सावत्र बहिणीला उगाच माफ केलंय."

"उगाच?" सर एकदम पुढे सरकले. "अहो, फलाटावरचा तो प्रसंग पुन्हा वाचा! तिथे तिचा हात कसा थरथरतो..." आणि सर थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

फलाटावरचा प्रसंग शेवटच्या प्रकरणात होता.

बाईंनी मांडीवरच्या ग्रंथाचं खाकी कव्हर हळूच उचललं. आत त्यांच्या ओळखीचं, गुलाबी आणि काळं मुखपृष्ठ.

"कुणाला सांगू नका," सर पुटपुटले. "दुसऱ्यांदा वाचतोय."

"वाचनाची लाज कसली, सर? मला तर आज तुमचा आदर वाटला," बाई म्हणाल्या, आणि त्यांना तो खरंच वाटला. सरांच्या हातातली प्रत पूर्ण होती. त्यांनी मुद्दाम खोटं लिहिलं असतं, तरी असं लिहिलं नसतं. फलाटावरचा थरथरता हात ज्याच्या काळजात रुतून बसलाय, तो 'लेखिका विसरली' असं म्हणूच शकणार नाही.

राहिला एकच माणूस. आणि त्याच्याबद्दल संशय घ्यायला बाईंचं मन तयार होईना. इतकी वर्षं त्यांच्या वाक्यांतलं कुसळ न् कुसळ वेचून काढणारा, कधी एक शब्द इकडचा तिकडे न करणारा माणूस.

त्या मुद्रितशोधकाच्या खोलीशी आल्या. दारावर जाड ठळक अक्षरांत एक पाटी चिकटवलेली होती.

'पंखा बंद करा; दिवा मालवा; मगच जा.'

बाई पाटीकडे बघत उभ्या राहिल्या.

५

खोली म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. टेबलामागे पांढऱ्या केसांचा, लुकडा, नीटनेटका माणूस. लाल पेन कानावर, भिंग हातात. बाईंना पाहून ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही? इथे? बसा ना. मी... मी आपला नियमित वाचक."

"मी आपली नियमित चुका करणारी," बाई म्हणाल्या, तेव्हा तात्या हसले. पण ते हसू ओठांवरच राहिलं.

"ती नवी कादंबरी वाचलीत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"वाचली म्हणजे, तुमच्या लेखातली नावं ताडून बघायला ऑफिसची प्रत घरी नेली होती. चाळली."

"आणि शेवट कसा वाटला?"

तात्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना सांगायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण वाचकाला शेवट कसा वाटला विचारलं आणि तो गप्प बसला, असं कधी होत नाही.

"खरं सांगू? वाईट वाटलं," ते म्हणाले. "तो वकील इतका सरळ माणूस. तिच्यासाठी घरदार सोडून आला, सगळ्या जगाने संशय घेतला तरी उभा राहिला. आणि शेवटी ती खिडकीशी उभी, एवढंच? तो आला का? ती त्याच्याकडे गेली का? एक ओळ नाही! माणसाला जीव लावायला लावायचा आणि मग..."

"वाऱ्यावर सोडायचं," बाई हळूच म्हणाल्या.

तात्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

बाईंना खूप बोलायचं होतं. माझं नाव, माझी शपथ, माझी इतक्या वर्षांची कमाई, सगळं तुम्ही दोन वाक्यांत धुळीला मिळवलंत, असं सगळं ओठावर आलं होतं. पण त्यांच्यातल्या वाचकाला आधी दुसरंच काही दिसलं. हा माणूस अजून अडकून पडला होता. त्याच्यासाठी ती नायिका अजूनही खिडकीशीच उभी होती.

"ती प्रत इथे आहे?"

तात्यांनी निमूटपणे खण उघडला. बाईंनी पुस्तक मागच्या बाजूने उघडलं. खिडकीचा प्रसंग पानाच्या अगदी तळाशी संपत होता, आणि लगेच मागचं कव्हर. छापखान्यात पुस्तक फर्म्याफर्म्याने, म्हणजे पानांचे गठ्ठे करून शिवतात. या प्रतीत शेवटचा गठ्ठा शिवायचाच राहून गेला होता.

"'समाप्त' लिहिलेलं नव्हतं हे खरं," तात्या चाचरत म्हणाले. "पण हल्ली कोण लिहितं?"

बाईंनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली, शेवटचं प्रकरण उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"आधी हे वाचा. मग बोलू."

६

तात्यांनी वाचायला सुरुवात केली आणि बाई समोर बसून राहिल्या. दुसऱ्याला शेवटचं प्रकरण वाचताना इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या पानावर तात्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यावर ते "अरे!" म्हणाले आणि मागची पानं चाळून काहीतरी ताडून पाहिलं. कानावरचं पेन गळून खाली पडलं, ते त्यांना कळलंही नाही. फलाटाशी आले तेव्हा त्यांचा हात तोंडाशी गेला. खुनी समोर आला, तेव्हा ते बाईंकडे अविश्वासाने बघत राहिले. बाईंनी फक्त मान डोलावली, पुढे वाचा. आणि मग ते वकिलाच्या वाक्याशी पोहोचले. तिथे त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला.

मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"आला तो," ते म्हणाले.

"आला."

"बाई, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांना इस्त्री केली. स्वतःचं एक वाक्य कधी छापून आलं नाही. शुक्रवारी पान अडलं होतं, जागा रिकामी, खोलीत कुणी नाही. आणि मनात तेच चाललं होतं, त्या दोघांचं. हात कसे चालले कळलं नाही. वाटलं, बाईंचंही हेच मत असणार. प्रेमाचं कोडं सुटलं नाही तर मार्क अर्धे, असं तुम्हीच लिहिता की."

"पण खुनी सांगितलात, तात्या! माझ्या सदरात! ते तरी लक्षात यायचं होतं."

तात्यांनी मान खाली घातली. "मला खुनी महत्त्वाचा वाटलाच नाही, बाई. मला ती दोघं महत्त्वाची वाटली."

जन्मभर रहस्यकथा वाचलेल्या बाईला हे कुणी ऐकवलं नव्हतं.

"संपादकाने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो," तात्या म्हणाले. "महिनाअखेर निवृत्त होतोय. निरोपाचा समारंभ ठरलाय, मालक स्वतः येणार आहेत. भ्यालो. पण आता नाही. रविवारी माझ्या सहीने खुलासा छापतो. समारंभ गेला खड्ड्यात."

बाई उठल्या. राग होता, तो कधी निघून गेला कळलं नव्हतं. "लिहा. आणि एक करा. शेवट खरा की खोटा, बरोबर की चूक, याचा एक शब्दही त्यात येता कामा नये."

तात्या दुखावल्यासारखे बघत राहिले. "बाई, आता ते मला सांगायला लागतं का?"

७

रविवारी सदराच्या वर चौकटीत दोन वाक्यं आली. 'गेल्या रविवारच्या सदरातील शेवटची दोन वाक्ये बाईंची नव्हती; ती मी त्यांना न विचारता घातली. वाचकांची आणि बाईंची क्षमा मागतो. मुद्रितशोधक.' मालकांनी बरीच आदळआपट केली, पण त्याच्याआधीच सरांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, की बाईंची जागा मला दिलीत तर मी ती घेणार नाही. का, ते मात्र सरांनी सांगितलं नाही.

लेखिका घरी आली, हातातली कामं अर्धी टाकून. "बाई, माझ्या पुस्तकाचा शेवट तो नाही, एवढं तरी छापून आणू या ना. नाहीतर लोक डॉक्टरच खुनी समजून वाचतील."

"वाचू देत की!" बाई म्हणाल्या. "अगं, सगळं शहर डॉक्टरकडे बोट दाखवून वाचणार आणि शेवटच्या प्रकरणात तोंडावर आपटणार. याच्याहून मोठा चकवा तुला लिहून तरी जमला असता का?"

लेखिकेच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की सून आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

तात्यांचा समारंभ झाला, मालक आले नाहीत. बाई गेल्या, सुनेला घेऊन, पुढच्या रांगेत बसल्या. आणि त्यानंतर 'शेवटचं पान सोडून'च्या तळाशी दर आठवड्याला दोन वाक्यं वेगळ्या सहीने यायला लागली. खुनाचं मत बाईंचं, प्रेमाचं तात्यांचं. पहिल्याच वाक्यात अर्धविराम होता. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो राहू दिला.

पुढल्या आठवड्यात एका दुपारी बाई रक्तदाबाच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानदार नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. गल्ल्यामागे स्टुलावर बसून तो वाचत होता. मुखपृष्ठ गुलाबी आणि काळं. बाईंनी चिठ्ठी पुढे केली तर त्याने मान वर न करता हात दाखवला.

"एक मिनिट, आजी. चारच पानं राहिलीत. तसा तो डॉक्टरच आहे, पेपरात आलं होतं, पण..." आणि त्याने पान उलटलं.

बाईंच्या मागे एक गृहस्थ येऊन उभे राहिले, मग एक बाई, मग अजून दोघं. रांग लागली. मागून कुणीतरी खाकरलं.

"अहो, दुकान उघडं आहे की बंद?" गृहस्थ म्हणाले. "औषधं द्यायची सोडून गोष्टी कसल्या वाचताय?"

दुकानदाराने ऐकलं नाही. त्याचे डोळे मोठे झाले होते आणि ओठ नुसतेच हलत होते, आवाज नव्हता.

बाई वळल्या. वर्ग गप्प करायचा आवाज त्यांच्याकडे अजून शाबूत होता.

"थांबा जरा," त्या रांगेला म्हणाल्या. "वाचतोय तो."